दस्तरखान उठल्यावर उरते ती साल

रमजानमध्ये मगरिबची नमाज झाली की मुखेडमधील आमच्या मोहल्ल्यातील मशिदीच्या ओट्यावर दोन टोपल्या उरतात. एकीत खजुराच्या बिया, दुसरीत साली. केळीच्या, टरबुजाच्या, पपईच्या आणि कुणी सढळ हाताने इफ्तार पाठवला असेल त्या दिवशी डाळिंबाच्या. केळी-टरबुजाच्या साली शेळ्या असलेले कुणीतरी घेऊन जाते. डाळिंबाच्या सालीला मात्र गिऱ्हाईक नाही. आमच्या घरच्या शेळीने ती एकदा हुंगली आणि तोंड फिरवले.

गेल्या रमजानमध्ये आमच्या वर्गातील एका मुलाने दस्तरखान झाडता झाडता विचारले, "सर, किलोभर अनार में खाने का कित्ता निकलता जी?" आम्ही भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो, हिशेबात कच्चे. तरी घरी आलो आणि काट्यावर डाळिंबे तोलली, सोलली, दाणे वेगळे तोलले. साल आणि आतले पांढरे पडदे मिळून जवळपास निम्मे वजन भरले. दीडशे रुपये किलोच्या फळातील साठ-सत्तर रुपये सरळ कचऱ्याच्या टोपलीत.

हे पाहून आमच्या अम्मी एवढेच म्हणाल्या, "इसराफ है बेटा." कुरआनमध्ये डाळिंबाचा उल्लेख तीन ठिकाणी येतो. दोनदा सूरह अल-अनआममध्ये, एकदा सूरह अर-रहमानमध्ये. अल-अनआमच्या 141व्या आयतीत खजूर, पिके, जैतून यांच्याबरोबर डाळिंबाचे नाव आहे. फळ आले की खा, कापणीच्या दिवशी त्यातला हक्क द्या आणि उधळपट्टी करू नका, असा हुकूमही त्याच आयतीत आहे. ही आयत आम्ही कित्येकदा पढली होती. टोपलीतली साल तिच्याशी कधी जोडून पाहिली नव्हती.

मग त्या सालीत आहे तरी काय, याचा शोध सुरू झाला. शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी दहावीचे पुस्तक समोर ठेवले. त्यात क्षरण आणि खवटपणा असे दोन शब्द येतात. खिळा गंजतो, शेंगदाणे जुने झाले की खवट लागतात, तळलेल्या तेलाला वास येतो. या सगळ्यामागे ऑक्सिजनच असतो. तो नसेल तर आपला श्वास बंद, पण तोच तेलाला आणि लोखंडाला खातो. शरीराच्या पेशींमध्येही असे रासायनिक ओढाताण करणारे कण सतत तयार होत असतात. त्यांचा मार स्वतःवर झेलून शेजारच्या पदार्थाला वाचवणारे जे द्रव्य, त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. झाड ही द्रव्ये जास्त करून सालीत साठवते. ऊन, कीड, बुरशी यांना आधी तोंड द्यावे लागते ते सालीलाच.

डाळिंबाच्या सालीतील प्रमुख द्रव्याचे नाव प्युनिकॅलॅजिन. ते टॅनिनच्या घराण्यातले आहे, आणि टॅनिन म्हणजे आपल्या जिभेला कळणारा तुरटपणा. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2000 साली डाळिंबाच्या रसांची तुलना प्रसिद्ध केली. नुसत्या दाण्यांचा रस आणि सालीसकट अख्खे फळ दाबून काढलेला कारखान्याचा रस यांत दुसऱ्याची अँटिऑक्सिडंट ताकद जास्त निघाली. कारण दाबताना सालीतले प्युनिकॅलॅजिन रसात उतरले होते. म्हणजे आपण दाणे खातो आणि जास्त ताकदीचा भाग टोपलीत टाकतो.

आम्हाला सर्वांत जास्त पटला तो मात्र कबाबचा प्रयोग. हैदराबाद येथे मांसावर काम करणारे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोंबडीच्या खिम्याच्या टिक्क्या केल्या. शिजवून ठेवलेले मांस शीतकपाटात दोन-चार दिवसांत खवट का लागते, हे घरातल्या बायकांना वेगळे सांगायला नको. बकरी ईदनंतरच्या आठवड्यात तो वास प्रत्येक घरात ओळखीचा असतो. एका टिक्कीत काहीच घातले नाही, एकीत बीएचटी हे कारखान्यात तयार होणारे रसायन, एकीत डाळिंबाचा रस आणि एकीत डाळिंबाच्या सालीच्या भुकटीचा अर्क. खवटपणा मोजण्याचे जे माप असते ते काही न घातलेल्या टिक्कीत 1.272 भरले. बीएचटीच्या टिक्कीत 0.896, रसाच्या टिक्कीत 0.763 आणि सालीच्या टिक्कीत 0.203. चवीत फरक पडला नाही. टाकून दिलेल्या सालीने रसालाही मागे टाकले आणि रसायनालाही.

हे वाचल्यावर आम्ही मुलांना घरातील फरसाण, वेफर्स, नूडल्स यांची रिकामी पाकिटे आणायला सांगितली. मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचणे हाच त्या दिवशीचा वाचनपाठ. कित्येक पाकिटांवर 'अँटिऑक्सिडंट (आयएनएस 319)' असे सापडले. 319 म्हणजे टीबीएचक्यू, 320 म्हणजे बीएचए, 321 म्हणजे बीएचटी. कायद्याने यांना परवानगी आहे. टीबीएचक्यूची मर्यादा तेलाच्या किलोमागे 200 मिलिग्रॅम इतकी ठरवून दिलेली आहे. तेव्हा घाबरून पाकिटे फेकण्याचे कारण नाही, रोज ती खाण्याचेही नाही. पण जे काम हा आकडा करतो, तेच काम आपल्या टोपलीतील साल करू शकते. ही गोष्ट कारखानदारीच्या नजरेतून सुटलेली नाही. सोलापूर जिल्हा आपल्या मराठवाड्याला लागूनच. तेथील डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. फळ इथले, निम्मे वजन सालीचे. त्या सालीचा उद्योग मराठवाड्यातील एखाद्या बचत गटाच्या हाती यायला काय हरकत आहे, असे आम्हाला वाटते.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय हा लेख छापला जाऊ नये.

आमच्या गल्लीतील एका खालांना साखरेचा आजार. मोबाइलवर कुठून तरी निरोप आला की डाळिंबाची साल उकळून प्या, चाळीस दिवसांत शुगर मुळापासून जाते. खालांनी काढा सुरू केला आणि गोळी बंद केली. तिसऱ्या आठवड्यात त्यांना चक्कर येऊन पडल्यावर दवाखान्यात न्यावे लागले. साखर किती वाढली होती ते ऐकून त्यांच्या मुलाने डोक्याला हात लावला. खाला म्हणतात, "नबी के जमाने से अनार चलता आया, मेरे को कैसा नै चला?" त्यांना काय उत्तर द्यावे, ते आम्हाला शोधावे लागले.

आपल्या परंपरेत डाळिंबाच्या सालीला मान आहे हे खरे. युनानी हकीम तिला पोस्त-ए-अनार म्हणतात आणि तिची तासीर काबिज, म्हणजे आवळून धरणारी, अशी सांगतात. जुलाब, हिरड्यांतून रक्त येणे, तोंड येणे यांवर ती वापरली जाते. दंतमंजनातही पडते. हजरत अली (रजि.) यांच्याकडून एक कथन सांगितले जाते. त्याचा आशय असा, की डाळिंब आतल्या पडद्यासह खावे, कारण ते पोटाची दिबागत करते. उर्दू शिकवणारे म्हणून या शब्दापाशी आम्ही थबकलो. दिबागत म्हणजे कातडे कमावणे. आणि डाळिंबाच्या सालीने खरोखरच कातडे कमावतात! तिच्यातील टॅनिन कातड्यातील प्रथिनांना पकडून घट्ट करते. कच्चे केळे किंवा डाळिंबाचा पडदा चावला की जीभ कोरडी पडते तेही याच कारणाने. लाळेतील प्रथिने टॅनिन पकडते. हकिमांचा काबिज, मराठीतील तुरट आणि रसायनशास्त्रातील टॅनिन ही एकाच गुणाची तीन नावे आहेत.

पण हे पकडणे कुठे थांबते? बाईंनी वर्गात एक प्रयोग करून दाखवला, तो घरीही करता येईल. डाळिंबाच्या वाळलेल्या साली पाण्यात उकळून गाळून घेतल्या. पाणी पिवळसर तपकिरी झाले. दुसऱ्या वाटीत चार गंजके खिळे दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले होते. त्या व्हिनेगरचे काही थेंब सालीच्या पाण्यात पडले आणि पाणी बघता बघता काळे झाले. मुलांनी त्यात बोरू बुडवून आपापली नावे लिहिली, कुणी बिस्मिल्लाह लिहिले. टॅनिनने लोह पकडले की अशी शाई होते. जुन्या काळी दौतीतली काळी शाई टॅनिन आणि लोहापासूनच करीत.

वर्ग टाळ्या वाजवीत होता आणि आम्हाला दुसऱ्या बाकावरची एक मुलगी दिसत होती. चेहऱ्यावरचे डाग जावेत म्हणून ती रोज नाश्त्याबरोबर सालीची भुकटी घेते, असे तिच्या मैत्रिणीने आठवड्यापूर्वीच सांगितले होते. शाळेतील तपासणीत तिचे हिमोग्लोबिन कमी आले होते. ते भुकटीमुळे कमी झाले असे आम्ही म्हणणार नाही, आपल्याकडच्या मुलींच्या रक्ताला कमी पडायला पुष्कळ कारणे आहेत. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या शंभरातील 57 स्त्रियांना रक्तक्षय आढळला. परंतु वाटीत जे झाले ते पोटातही होते. जेवणातील डाळ, भाजी, भाकरी यांच्यातले लोह टॅनिन पकडून ठेवते आणि ते अंगी लागत नाही. जेवणावर लगेच कडक चहा घेण्यानेही असेच होते. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. त्या गोळीच्या आगेमागे सालीचा काढा किंवा चहा घेतला तर गोळीचे काम अर्धे राहते. त्या मुलीला आम्ही सांगितले, भुकटी बंद कर आणि गोळीच्या दिवशी जेवणात लिंबू पिळ. लिंबाच्या आंबटपणातील क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करते. तिच्या अम्मींनी ऐकले. चेहऱ्यावरच्या डागांचे काय, असेही विचारले. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

खालांचे उत्तर जरा लांबचे आहे. परीक्षानळीत एखाद्या द्रव्याने चमत्कार दाखवला म्हणजे माणसाच्या शरीरात तो होईलच असे नाही. डाळिंबातील मोठे रेणू जसेच्या तसे रक्तात जात नाहीत. आतड्यातील जिवाणू त्यांचे तुकडे करतात, आणि हे काम सगळ्यांच्या आतड्यात सारखे होत नाही. एकाला जे फळते ते दुसऱ्याला फळेलच असे नाही. शिवाय 'अँटिऑक्सिडंट आहे ना, मग जास्त घेतले तर जास्त फायदा' हा समज जगाने एकदा महागात तपासून पाहिला आहे. गाजर-आंब्याला रंग देणारे बीटा-कॅरोटिन हे असेच एक नावाजलेले द्रव्य. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या 29,133 पुरुषांवर पाच ते आठ वर्षे गोळ्यांची चाचणी झाली. अपेक्षा होती की कर्करोग कमी होईल. 1994 साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाऊन कुणाचे वाईट झाले नव्हते, गोळीने झाले. ताटातला पदार्थ आणि औषधाची मात्रा यांत असा फरक असतो. खालांना आम्ही एवढेच म्हटले, "अनार खाओ, डाक्टर से पूछ के. गोली मत छोडो." आता त्या गोळी घेतात. निरोप मात्र अजून पुढे पाठवतात.

मग डाळिंबाशिवाय बाकीच्या फळांचे काय? आंब्याच्या सालीबद्दल म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत चांगले काम झाले आहे. 2007 च्या त्यांच्या अभ्यासात पिकलेल्या आंब्यापेक्षा कैरीच्या सालीत पॉलिफेनॉल ही द्रव्ये जास्त आढळली, तर पिकलेल्या सालीत कॅरोटिनसारखे रंग जास्त. पुढच्या वर्षी त्यांनी आंब्याच्या सालीची भुकटी घालून बिस्किटे केली. शंभरात दहा भाग भुकटी असली तरी बिस्किट खाण्याजोगे होते आणि त्याला आंब्याचा स्वादही येत होता. आपल्या आज्या-नान्या कैरीचे लोणचे सालीसकटच घालत आल्या, त्यांना कुणी शाबासकी दिली नाही. एक सांभाळायचे. देठाजवळचा चीक ज्यांना उततो त्यांनी आंब्याच्या सालीच्या वाटेला जाऊ नये. आणि कार्बाइडने पिकवलेल्या आंब्याची साल तर मुळीच नको. कार्बाइडवर बंदी आहे, पण बंदी आहे म्हणून बाजारात ते नाहीच असे छातीठोक कोण सांगेल?

केळी आमच्या जिल्ह्याची शान. अर्धापूर-मुदखेड भागातील केळी दूरदूर जातात. (मुदखेड वेगळे आणि आमचे मुखेड वेगळे, हे बाहेरच्या पाहुण्यांना प्रत्येक वेळी सांगावे लागते.) जपानी संशोधकांनी 2002 साली मोजले तेव्हा केळीच्या वाळवलेल्या सालीच्या 100 ग्रॅममध्ये गॅलोकॅटेचिन हे अँटिऑक्सिडंट 158 मिलिग्रॅम भरले, गरात जेमतेम 30. हे वाचून आम्ही घरी केळीच्या सालीची भजी करवून घेतली. ती पहिल्या घासातच कडू लागली. मुलीने ताट सरकवले आणि बेगमसाहेबांनी पुढच्या प्रयोगासाठी वेगळी कढई आणायला सांगितली. केळीची साल शेळीचीच, हा निकाल आम्ही मान्य केला.

जालन्याची मोसंबी सोलताना सालीच्या आतला पांढरा पापुद्रा आपण नखाने खरवडून काढतो. त्यात हेस्पेरिडिन असते. लेब्रेतॉन या फ्रेंच रसायनज्ञाने संत्र्याच्या अशाच पांढऱ्या पापुद्र्यातून ते 1828 साली वेगळे काढले होते. तेव्हा फोडीला चिकटलेला थोडा पापुद्रा पोटात गेला तर जाऊ द्यावा. सीताफळाबद्दल मात्र कडक शब्दांत सांगतो, कारण आपला बालाघाटचा डोंगर सीताफळांनी भरलेला आहे. त्याची साल किंवा बी यांचे घरगुती प्रयोग करू नका. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

सालीवरच्या फवाऱ्यांचाही विचार करावा लागतो. डाळिंबावर तेल्या रोगासाठी शेतकऱ्याला वारंवार फवारणी करावी लागते. त्याला दोष देऊन काय होणार, बाग गेली तर त्याचे वर्ष जाते. पण त्या औषधाचा पहिला थर सालीवरच बसतो. अमेरिकेत सफरचंदांवर 2017 साली झालेल्या एका प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशके धुऊन गेली. सालीच्या आत मुरलेली मात्र गेली नाहीत. यामुळे बाजारच्या डाळिंबाची साल खाण्यात घालावी असे आम्ही कुणालाही सांगत नाही. आतले पांढरे पडदे खावेत. ते सालीच्या आड सुरक्षित असतात आणि तुरटपणाचा हिस्सा त्यांच्यातही आहे. अलींच्या कथनात जोर पडद्यावरच आहे, हे आम्हाला आता जास्त अर्थपूर्ण वाटते. ज्यांच्या परसात बिनफवारणीचे झाड आहे त्यांनी साल सावलीत वाळवून, कुटून, चाळून मंजनात घालायला हरकत नाही. गिळायची नाही, चूळ भरायची.

मग उरलेल्या सालीचे काय करायचे? रंग. कच्छमधील अजरखपूर हे गाव 2001 च्या भूकंपानंतर खत्री कारागिरांनी वसवले. हे मुस्लिम कारागीर अजरखच्या कापडावर पिवळा-हिरवा रंग आणण्यासाठी डाळिंबाची साल पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. आम्ही मुलांकडून तेच, साध्या रीतीने, करवून घेतले. पांढरा सुती रुमाल तुरटीच्या पाण्यात रात्रभर, दुसऱ्या दिवशी सालीच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास. रुमाल मोहरीच्या फुलासारखा पिवळा होतो. लोखंडी कढईत उकळला तर करडा. तुरटी आणि तुरट हे शब्द एकाच मुळाचे. त्या दिवशी मराठीचा तास आणि विज्ञानाचा तास एकाच पातेल्यात झाला.

आता मशिदीच्या ओट्यावर तिसरी टोपली ठेवली आहे. नमाजनंतर दोन मुले डाळिंबाच्या साली वेगळ्या करून गच्चीवर पसरतात. वाळल्या की पिठाच्या पिशवीत भरून त्या शाळेत येतात. सडक्या असतील त्या मागच्या लिंबाच्या झाडाखालच्या खड्ड्यात जातात. ईदच्या दिवशी तो किलोचा हिशेब विचारणारा मुलगा गळाभेटीला आला तेव्हा त्याच्या खिशात पिवळा रुमाल होता. एका कोपऱ्यात काळे डाग पडले होते. आम्ही विचारले तर म्हणाला, "अम्मी ने लोहे के पतीले में धो दिया, सर."